अटींत खुललेली चित्रे: ठाण्यातील एका तरुण चित्रकर्तीची चित्रपुस्तिका

उपयोजित कलेचे शिक्षण नुकतेच पूर्ण केलेल्या ठाण्यातील एका चित्रकर्तीने महाविद्यालयात केलेले स्वाध्याय आणि स्वतःच्या समाधानासाठी केलेली चित्रे एकत्र छापून ही पुस्तिका काढली आहे. आकार ए-फाइव्ह, पाने 64, किंमत 450 रुपये. त्यांतील निवडक चित्रांचे ए-फोर आकाराचे सुटे प्रिंट वेगळे पैसे देऊन मिळतात. पुस्तिकेवर तिने नाव छापलेले नाही, केवळ सही केली आहे, म्हणून या परीक्षणातही नाव येणार नाही. विक्रीच्या दृष्टीने हा निर्णय मला फारसा शहाणपणाचा वाटला नाही, पण तो तिचा प्रश्न आहे.

पुस्तिकेची मांडणी कालक्रमानुसार नाही. डाव्या पानावर विद्यार्थिदशेतील काम आणि उजव्या पानावर त्याच विषयाशी किंवा त्याच माध्यमाशी नाते सांगणारे खासगी चित्र, अशा जोड्या लावलेल्या आहेत. डावीकडची चित्रे शिक्षकांनी घातलेल्या अटींमुळे आखडलेली आणि उजवीकडची मोकळी असतील, अशा अपेक्षेने कोणीही पाने उलटू लागेल. प्रत्यक्षात मात्र डावीकडची अनेक कामे उजवीकडच्या चित्रांपेक्षा सरस आहेत आणि उजवीकडे जी उत्तम उतरली आहेत, त्यांत बहुतेक ठिकाणी चित्रकर्तीने स्वतःच स्वतःला एखादी अट घालून घेतली आहे.

सुरुवातीच्या पानांवर पायाभूत वर्षाची कामे आहेत: करड्या छटांची पट्टी, रंगचक्र, पितळी तांब्या आणि चुण्या पडलेले कापड. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या महाराष्ट्रातील पिढ्यांना हा तांब्या पाठ आहे आणि येथेही तो पाठ म्हणूनच येतो. त्यापेक्षा पोस्टर कलरमधील संकल्पचित्रे लक्षपूर्वक पाहावीत. पोस्टर कलर अपारदर्शक असल्यामुळे सपाट, एकसारखा थर देण्यासाठी तो सोयीचा असतो. मात्र पाण्याचे प्रमाण थोडे चुकले तरी ब्रशचे पट्टे उमटतात, आणि वाळल्यावर फिकट छटा किंचित गडद तर गडद छटा किंचित फिकट दिसू लागतात, हा बदल आधीच हिशेबात धरावा लागतो. या पानांवरचे सपाट थर इतके नेटके आहेत, की पुढे डिजिटल चित्रांत एका क्लिकवर भरलेला सपाट रंग पाहताना त्यातील निर्जीवपणा लगेच जाणवतो.

पुस्तिकेचा गाभा ठाणे स्थानकावरील रेखाटनांत आहे. बाहेर जाऊन माणसे रेखाटण्याचा सराव उपयोजित कलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला करावा लागतो. त्यातून निर्माण झालेली रेखाटनांची ही पाने आहेत. नऊ-दहा क्रमांकांच्या फलाटांवर वाशी-पनवेलच्या गाडीची वाट पाहणारी माणसे, जिन्यावर डब्यांची पिशवी टेकवून थांबलेल्या बायका, खांबाला पाठ लावून उभ्याउभ्याच झोपलेला मुलगा. गाडी आली की समोरचा माणूस नाहीसा होतो, त्यामुळे रेषेला दुरुस्तीची सवड मिळत नाही. खांदा आणि मान यांतील कोन पहिल्याच रेषेत पकडावा लागतो. चेहरे बहुतेक ठिकाणी कोरेच सोडले आहेत, तरीही कोण दमले आहे आणि कोणाला घाई आहे, ते उभे राहण्याच्या ढबीवरून कळते. या रेखाटनांसमोर उजव्या पानावर तिने नंतर टॅब्लेटवर सावकाश रंगवलेला फलाट ठेवला आहे. त्यात प्रत्येक पोत आणि प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब आहे, परंतु माणसे मात्र दुकानातील पुतळ्यांसारखी ताठ झाली आहेत. ही जोडी शेजारी छापण्याइतकी निर्दय स्वपरीक्षा तिने केली आहे, याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे.

जलरंगांतील खासगी चित्रांपैकी ठाण्यालगतच्या येऊरच्या डोंगरांची पावसाळी मालिका सुंदर आहे, मात्र तिचे श्रेय काही अंशी हवेलाही द्यावे लागेल. जुलैतील दमट हवेत कागद लवकर वाळत नाही. ओल्या थरात दुसरा रंग सोडला की तो बराच वेळ पसरत राहतो आणि अर्धवट वाळलेल्या जागेवर पाणी पडले की कडेला फुलोऱ्यासारखे डाग उठतात. एरवी दोष मानले जाणारे हे डाग तिने डोंगराच्या उतारावरील झाडीसाठी तसेच राहू दिले आहेत. दोन चित्रांत तिने वरून शाईच्या रेषा काढून हा परिणाम ‘सावरण्याचा’ प्रयत्न केला आहे आणि ती दोन्ही चित्रे फसली आहेत.

याहून अधिक विचारपूर्वक केलेली मालिका तलावपाळीची आहे. मासुंदा तलावाच्या काठावरील ही चित्रे तिने अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ओकर (मातकट पिवळा) या तीनच रंगांत केली आहेत. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की त्यांचे प्रमाण बदलून उबदार किंवा थंड अशा कितीतरी करड्या छटा मिळतात. अल्ट्रामरीनमध्ये ओकर घातला की मळकट, शेवाळी हिरवा तयार होतो, आणि तलावाच्या पाण्याला नेमका तोच रंग हवा असतो. शिवाय अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत साचतात, त्यामुळे संध्याकाळच्या आकाशाला आपोआप एक रवाळपणा येतो. आपल्या जुन्या दिवाळी अंकांतील कथाचित्रांची येथे आठवण होते. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या चित्रकारांच्या काळात प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा ठसा, म्हणजे ब्लॉक, करावा लागे आणि त्याचा खर्च वाढे; म्हणून आतील पानांवर काळ्याच्या जोडीला एखादाच रंग मिळत असे, आणि चित्रकाराला त्या एका रंगातच रात्रही दाखवावी लागे, पैठणीही. त्या परंपरेशी या मालिकेचे नाते जुळते, आणि ते जुन्या शैलीची नक्कल न करता जुळले आहे, हे विशेष.

डिजिटल चित्रांबाबत माझे मत संमिश्र आहे. टॅब्लेटवर केलेली चूक लगेच मागे घेता येते, थर वाढवता येतात, ब्रशांची तर मोजदादच नसते. या मुभेमुळे उपवन तलावाची रात्र दाखवणारी दोन चित्रे बिघडली आहेत. दिव्यांभोवती सॉफ्टवेअरने दिलेली झळाळी, पाण्यावर तयार पोतांचा थर, त्यावर पुन्हा धुके. त्याखाली रेखांकन आहे की नाही, हे शोधावे लागते. प्रोक्रिएट या टॅब्लेटवरील चित्रकलेच्या ॲपमध्ये कॅनव्हास जितका मोठा घ्यावा, तितके थर कमी उपलब्ध होतात, ही त्या साधनाची तांत्रिक मर्यादा आहे. तिचा नाइलाजाने स्वीकार करण्याऐवजी चित्रकर्तीने तिला पद्धतीचेच रूप दिले असते, तर ही चित्रे वाचली असती, असे वाटते.

तसे तिने एकदा केलेही आहे. खाडीवरील फ्लेमिंगोंचे चित्र तिने एकच थर आणि एकच ब्रश वापरून केल्याची नोंद चित्राखाली आहे, आणि ते या पुस्तिकेतील सर्वोत्तम डिजिटल काम आहे. थवा म्हटले की सगळेच पक्षी गुलाबी रंगवण्याचा मोह होतो. परंतु या पक्ष्यांचा गुलाबी रंग खाद्यातील रंगद्रव्यांमुळे हळूहळू चढतो आणि लहान पिल्ले करडी-तपकिरी असतात. तिने थव्यात अशी करडी पिल्ले मुद्दाम पुढे घेतली आहेत. त्यामुळे गुलाबी रंग मोजकाच राहतो आणि चिखलाच्या विस्तीर्ण पट्ट्यावर तो उठून दिसतो. स्थानकावर तयार झालेली नजर येथे पुन्हा कामी आली आहे.

दुर्दैवाने छपाईत याच चित्राचे सर्वांत अधिक नुकसान झाले आहे. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावरचा चार शाईंच्या मिश्रणाचा. पडद्यावर चमकणाऱ्या काही गुलाबी छटा त्या शाईंच्या आवाक्यातच येत नाहीत. छपाईपूर्वी रंगांचे रूपांतर करून आणि नमुना प्रत काढून ते तपासले असते, तर हा गुलाबी असा विटक्या फडक्यासारखा दिसला नसता. दुसरा दोष बांधणीचा. पुस्तिका कण्याला गोंद लावून बांधलेली असल्यामुळे ती पूर्ण उघडत नाही, आणि पारसिक बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या लोकलचे दोन पानांवर पसरलेले शाईचित्र मधोमध गिळले गेले आहे. या जाडीच्या पुस्तिकेला मध्यभागी पिना मारल्या असत्या, तरी भागले असते. कागद मात्र चांगला, चकाकी नसलेला आणि पुरेसा जाड आहे. मागच्या बाजूची शाई दिसत नाही.

कलाशाखेच्या प्रवेशासाठी कामांचा संग्रह तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही पुस्तिका अवश्य घ्यावी. नीटनेटकी अंतिम चित्रे सर्वत्र पाहायला मिळतात, पण फसलेल्या चित्रासह त्याचा पूर्वाभ्यास छापणारे क्वचितच भेटतात. केवळ भिंतीवर लावण्यासाठी काही हवे असणाऱ्यांनी पुस्तिकेऐवजी सुटा प्रिंट घ्यावा, आणि तो तलावपाळीच्या मालिकेतील असावा, कारण त्यातील मंद, मिश्र छटा छपाईच्या शाईला सहज झेपल्या आहेत. फ्लेमिंगोंचा प्रिंट मात्र रंग सुधारून पुन्हा छापला जाईपर्यंत मागवू नये. मूळ चित्रे विक्रीस ठेवलेली नाहीत.