महात्मा फुले मंडई, पुणे : रविवारी सकाळी
साडेसातच्या आत पोचलात तर मंडई तुमची. नऊनंतर गर्दी वाढते, गाडी लावायचे वांधे होतात. त्यापेक्षा मेट्रोने मंडई स्थानकावर उतरलेलं बरं. 1886ची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत (मूळची रे मार्केट) बघायची ती खरेदीच्या आधी, नंतर दोन्ही हातांत पिशव्या असतात.

आधी भाव विचारत एक फेरी मारा, मग जड माल घ्या: कांदे-बटाटे, सुरण. पालेभाजी शेवटी. कोथिंबिरीच्या जुडीवर पाणी मारलेलं असतं, म्हणून ती ताजी दिसते. जुडी उलटी करून मधोमध बोट घाला; आत गरम, चिकट लागलं की ठेवून द्या. घेतलीच तर घरी आल्याआल्या बांध सोडून पसरा, नाहीतर दुसऱ्या दिवशी काळी पडते. भरल्या वांग्यांसाठी हिरव्या देठाची, लहान वांगी घ्या. आकाराच्या मानाने जड वांगं बियाळ निघतं. मटाराची एक शेंग फोडून दाणा चावून बघा. पिठूळ लागला तर तो उसळीलाच ठीक. किलोभर शेंगांतून दाणे जेमतेम निम्मे, हिशेब तसा करा.

वाट्याने मांडलेल्या लिंबा-टोमॅटोंत वरचा थर देखणा असतो. खालचे हलवून बघा, विक्रेता कुरकुरला तरी.

घासाघीस पावशेराला चालत नाही, दोन किलोंना थोडीफार चालते. पोत्याने हवं असेल तर मार्केट यार्ड गाठा. सुटे पैसे मात्र न्याच.