रंग मारलेला जुना जॉइंट, बिल नव्याचं: उंच केलेल्या थार-जिम्नीच्या मालकांनो, आवाज बंद झाला म्हणून पैसे देऊ नका

बीड जिल्ह्यातल्या एका थारला मागच्या आर्मचे (ॲक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्यांचे) चार जॉइंट ‘नवे’ म्हणून बसवून दिले गेले आणि बिलही नव्यांचंच लागलं. पंधरा दिवसांत करकर परत सुरू झाली. आर्म खाली उतरवून काळ्या रंगावर थिनरचा बोळा फिरवला, तेव्हा सर्क्लिपच्या, म्हणजे आतले भाग धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या कड्याच्या खाचेत, रंगाच्या खाली, वाळलेली काळी माती निघाली. जुनेच जॉइंट पुसून, वरून स्प्रे मारून, आत ग्रीस ठासून परत चढवले होते. वाईट याचं वाटतं की मुळात ते जॉइंट खराब झालेच नव्हते. ते फक्त कोरडे पडले होते.

ही फसवणूक का जमते, हे कळायला जॉइंट आतून कसा असतो ते माहीत हवं. २०२० नंतरच्या थारचा मागचा ॲक्सल दोन वरचे आर्म, दोन खालचे आर्म आणि एक आडवा पॅनहार्ड रॉड यांवर धरलेला असतो. कंपनीच्या आर्ममध्ये रबरी बुश असतो. त्याचं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते नुसतं पिळलं जातं, घासत नाही, म्हणून आवाज करत नाही. गाडी उंच केली की ॲक्सलचा कोन बदलतो, तो सरळ करायला लांबी कमी-जास्त करता येणारे आर्म घेतात आणि त्यांच्या टोकाला फ्लेक्स जॉइंट येतो: बाहेर लोखंडी घर, आत पीयूच्या (पॉलियुरेथेन या टणक प्लास्टिकच्या) दोन वाट्या, मधे स्टीलचा गोळा, वरून वायसर आणि सर्क्लिप, बाजूला ग्रीस भरायचं तोंड म्हणजे निपल. इथे गोळा वाटीत खरोखर घासतो. वंगण संपलं की बैलगाडीचा आस करकरतो तसा हाही करकरणारच. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर) असल्यामुळे तिच्यात पीयू बुश आणि जॉइंट बसवण्याच्या जागा आणखी जास्त.

त्यात आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात ती चिकट होऊन गोळ्याच्या कडेला बसते, ऑक्टोबरच्या उन्हात कडक होते, ग्रीस शोषून घेते आणि पॉलिश पेपरसारखी घासायला लागते. शेतरस्त्यावर चाललेल्या गाडीला दिवाळीच्या सुमारास आवाज येणं यात नवल काही नाही. पण नेमक्या याच वेळी मालकाला सांगितलं जातं, ‘जॉइंट गेले. हे सीलबंद असतात, यात ग्रीस जात नाही, पूर्ण सेट बदलावा लागेल.’

या वाक्याची शहानिशा पाच मिनिटांत होते. जॉइंटच्या घरावर निपल असेल तर तो ग्रीस घेण्यासाठीच दिलेला आहे. सर्क्लिप असेल तर जॉइंट उघडतो, आणि चांगल्या बनावटीच्या जॉइंटसाठी वाट्या, वायसर, सर्क्लिपचं दुरुस्ती किट वेगळं मिळतं. अख्खा जॉइंट बदलायची वेळ गोळ्यावरचा मुलामा सोलून खड्डे पडले किंवा घराची खाच झिजली तरच येते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: रॉड एंड. धातूच्या कड्यात धातूचा गोळा आणि मधे टेफ्लॉनचं अस्तर असेल तर त्याला ग्रीस लावायचं नाही. ग्रीसला धूळ चिकटते आणि अस्तर खाते. अस्तर गेलेला रॉड एंड ग्रीसने दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

आता फसवणुकीचा गाभा, तो म्हणजे ट्रायल. गाडी देताना मालकाला शेजारी बसवून एक चक्कर मारतात, आवाज येत नाही, पैसे दिले जातात. आवाज थांबवणं अगदी सोपं आहे. डब्ल्यूडी-४० चा फवारा, डिझेल, जुनं इंजिन ऑइल, काहीही मारा, दोन-चार दिवस गाडी गप्प राहते. पण ते पातळ द्रव उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतात, आणि तेल-डिझेलने नैसर्गिक रबराचा बुश फुगून मऊ पडतो. दुसरी युक्ती ग्रीस ठासण्याची. झिजलेल्या जॉइंटमधली सैल जागा जाड ग्रीसने भरली की खट् आवाजही दबतो, मग शे-दोनशे किलोमीटरमध्ये ते ग्रीस बाहेर येतं आणि जॉइंट पहिल्यासारखा वाजू लागतो. म्हणून गाडी त्याच संध्याकाळी ताब्यात घेऊ नका. रात्रभर उभी ठेवायला सांगा, सकाळी खालून नुसत्या पाण्याने धुवा, वाळू द्या आणि मग एक चाक बांधावर, एक चाक खाली असं अगदी सावकाश चालवा. सिमेंटच्या रस्त्यावरच्या चकरेतून काहीही सिद्ध होत नाही.

आवाज कुठला, हे गॅरेजला जाण्याआधी स्वतः शोधलंत तर निम्मी फसवणूक तिथेच टळते. सावकाश पिळताना लांबलेली करकर आली तर कोरडा पीयू किंवा कोरडा गोळा. पुढचा-मागचा गिअर बदलताना किंवा ब्रेक दाबताना एकच खट् आला तर सैल बोल्ट, लांबट झालेलं भोक किंवा सुटलेला चेक नट (आर्मची जुळवलेली लांबी पक्की धरणारा नट). बारीक खडीवर सतत खडखड असेल तर आधी स्टॅबिलायझर लिंक आणि शॉकअपचे बुश बघा. महागड्या आर्मवर ठपका ठेवून भलताच सेट विकायचा, हा प्रकार याच खडखडीत सगळ्यात जास्त होतो. करकरीसाठी पाण्याची बाटली पुरते. गाडी चाकांवर उभी, एकाने बंपर धरून हलवायचं, दुसऱ्याने एका वेळी एकाच जॉइंटवर पाणी सोडायचं. ज्याच्यावर पाणी पडताच आवाज थांबतो किंवा बदलतो, तो दोषी. खट् साठी जॉइंटच्या कडेला टॉमी (लोखंडी पहार) लावून हलक्या हाताने रेटायचं. गोळा घरात डोळ्यांना दिसेल इतका सरकला तर वाट्या गेल्या. बोल्ट ब्रॅकेटमध्ये हलला तर दोष जॉइंटचा नाही, आवळणीचा आहे. हे करताना बोटं आर्म आणि ब्रॅकेटच्या मधे घालू नका.

खरी देखभाल कमी खर्चाची असते. चेसिसखाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. चाकं मोकळी लोंबली की जॉइंटवरचा भार उतरतो आणि ग्रीस सगळीकडे पोचतं. माती धुऊन काढा, वाळवा, निपलचं तोंड फडक्याने पुसा, नाहीतर तीच माती ग्रीस गनच्या दाबाने आत जाते. हातगनचे दोन-तीन दाब पुरेत. गोळ्याच्या कडेला नवं ग्रीस दिसलं की थांबा आणि बाहेर आलेलं पुसून टाका. रबरी बूट (धूळ अडवणारी टोपी) असलेल्या जॉइंटला बूट जरासा फुगेपर्यंतच. त्यापुढे दाबलं तर तो फाटतो. निपल ग्रीस घेतच नसेल तर निपल तुंबलाय, तो बदला. जॉइंट बदलायचं काम नाही. ग्रीस पाण्याने न धुतलं जाणारं, एनएलजीआय २ (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा) आणि जॉइंट बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रकारचं हवं. साध्या रस्त्यावर सुमारे ५,००० किलोमीटरला, आणि ओढ्यातून किंवा चिखलातून गाडी काढली तर लगेच.

ज्या पीयू बुशला निपल नाही तो बोल्ट काढून बाहेर घ्यावा लागतो. आतल्या नळीवर गंज असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, पुसा, आणि पीयूसाठीचं सिलिकॉन ग्रीस तीन जागी लावा: नळी आणि बुशच्या मधे, बुशच्या बाहेरून, आणि दोन्ही बाजूंच्या चपट्या तोंडांना. तोंडं बहुतेक जण विसरतात आणि आवाज तिथूनच येत राहतो. आतली नळी पीयूच्या तोंडापेक्षा किंचित बाहेर निघालेली हवी, म्हणजे बोल्ट नळीला आवळतो. नळी आखूड असेल तर बोल्ट पीयूलाच चेपतो, बुश फिरत नाही आणि कितीही ग्रीस लावलं तरी तो बोंबलतोच. स्वस्तातल्या नकली किटमध्ये हा दोष असू शकतो. घेण्याआधी नखाने तपासा.

त्या थारला नंतर जो खट् आवाज लागला, तो चेक नटचा. आर्मची लांबी जुळवल्यावर तो नट नीट आवळला नव्हता, त्यामुळे आर्म आट्यांवर हलत राहिला आणि एका आर्मचे आटे खाल्ले गेले. चेक नट आवळताना जॉइंटचं घर दुसऱ्या पान्याने धरून सरळ ठेवावं लागतं. घर तिरकं राहिलं तर जॉइंटची हालचाल एका बाजूला लवकर संपते आणि धातू धातूवर आपटतो. आर्ममध्ये कुठेही रबरी बुश असेल तर त्याचा शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असतानाच द्यायचा. चाकं लोंबत असताना हवेच्या गनने आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. आत नायलॉनचं कडं असलेले नट परत वापरू नका. टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याला आवळून नट-बोल्टवर पेंटची सरळ रेघ ओढून घ्या. १०० किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे.

वेल्डिंगचं काम असेल तर वाट्या आणि गोळा काढून मगच घराला वेल्ड मारायचा. आतले भाग ठेवून मारला तर पीयू वितळतो, आणि तो जळका वास लपवायला पुन्हा वर ग्रीस येतं.

बिलावर बनावट, भाग क्रमांक आणि वॉरंटी लिहून घ्या, नुसतं ‘सस्पेन्शन काम’ नको. काम सांगतानाच जुने भाग परत हवेत असं कबूल करून घ्या, आणि आधी प्रत्येक जॉइंटवर न दिसेल अशा जागी पंच या टोकदार हत्याराने एक खूण ठोका. मोठा बदल करत असाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ विचारात घ्या. आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलावर बंधन आहे आणि अपघातानंतर विम्याचा दावा तिथे अडू शकतो.

फसलाच असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, माल पुण्याहून किंवा दिल्लीहून मागवलेला असला तरी. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तोवर काढलेला जॉइंट धुऊ नका. रंगावरून थिनर फिरवतानाचा व्हिडिओ काढा, आणि मातीसकट जॉइंट पिशवीत बांधून तारीख घालून ठेवा.