मॉरिशसला रिटायर व्हायचं बजेट करून देणारी सर्व्हिस, दोन महिने तिथे राहून तपासलेली (५ पैकी साडेतीन)

आधीच सांगते, पुण्यातल्या त्या सल्लागाराचं नाव मी इथे देणार नाही, एकट्या माणसाचं छोटं ऑफिस आहे आणि काम त्याने मनापासून केलंय. पण १२ हजार रुपये भरून आपण जी फाइल घेतो ती किती खरी निघाली हे लिहायलाच हवं, कारण हल्ली आमच्या ओळखीतलीच चार-पाच घरं परदेशात रिटायर व्हायचा विचार करतायत.

आम्ही चौघं. मी, हे (५८ वर्षांचे, मागच्या वर्षी निवृत्त झाले), सासूबाई ७९ च्या आणि मुलगा अकरावीत. मॉरिशस का, तर मुंबईहून थेट विमान आहे, हवा सासूबाईंच्या गुडघ्यांना मानवते आणि तिथे १९ व्या शतकात रत्नागिरीकडून गेलेल्या मराठी माणसांची वस्ती आहे, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. रिटायर लोकांचं परमिट पन्नाशीनंतर मिळतं, आम्ही २०२४ मध्ये चौकशी केली तेव्हा ते १० वर्षांचं होतं आणि महिन्याला १५०० डॉलर किंवा वर्षाला १८ हजार डॉलर बाहेरून तिथल्या बँकेत यायला हवे होते. हा नियम सल्लागाराने पहिल्याच मीटिंगला नीट समजावला, कागदपत्रांची यादी पण दिली, त्यात काहीही चुकलं नाही.

फाइल म्हणजे एक्सेल शीट. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं काय तर रुपयाच्या भावाचा वेगळा रकाना, कारण मॉरिशसचं चलनही रुपयाच आहे, पण त्याचा भाव वेगळा. आम्ही गेलो तेव्हा तिथला एक रुपया आपल्या साधारण १ रुपया ८० पैशांना पडत होता, तो २ रुपये झाला तर महिन्याचं गणित कुठे जातं हे त्या रकान्यात लगेच दिसतं. भाडं, डिपॉझिट, फर्निचर, सुरुवातीचा एकदाचा खर्च, सगळं वेगळं लावलंय. पाच वर्षांनी महागाई किती धरायची तेही विचारून लावलंय, ह्यांना एवढं नीट काम फार आवडलं.

आता जिथे गडबड आहे ते. त्याने चौघांचा महिन्याचा खर्च तिथले ५५ हजार रुपये काढला होता, म्हणजे आपले लाखाच्या आसपास. मी विचारलं हे कसं काढलं, तर म्हणाला जोडप्याचा खर्च धरून त्याची दीडपट केली. माझ्या मनात तिथेच शंका आली कारण जोडप्याचं घर आणि म्हातारं माणूस असलेलं घर यात दीडपट वगैरे काही नसतं, खर्चाची जातच वेगळी असते. म्हणून परमिटचा अर्ज करायच्या आधी आम्ही टुरिस्ट म्हणून तिथल्या कात्र बोर्न गावात भाड्याने घर घेऊन दोन महिने राहिलो, सप्टेंबर आणि ऑक्टोबर, आणि मी रोज रात्री वहीत खर्च लिहिला. मुलाने कॉलेज बुडवायचं नाही म्हणून तो पुण्यातच मावशीकडे राहिला, दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस आला.

वहीतला हिशोब तिथल्या रुपयांत, महिन्याचा: घरभाडं २६ हजार, किराणा भाजी दूध २२ हजार, लाइट पाणी इंटरनेट साडेचार हजार, टॅक्सी बस ७ हजार, डॉक्टर औषधं ६ हजार, बाकी ५ हजार. झाले ७० हजार ५००. आपले सव्वा लाखाच्या वर. आणि हे मुलगा बहुतेक दिवस नसताना.

फरक कुठे पडला ते सांगते. भाजी फार महाग नाही, शनिवारच्या बाजारात भेंडी मिळते तिला तिथे लालो म्हणतात, कारल्याला मार्गोज, दोडक्याला पिपंगाय, पालेभाजीला सरसकट ब्रेद, हे शब्द दोन दिवसांत पाठ झाले. भाजीवाल्या मावशींच्या घरी मराठी परंपरा आहे पण बोलतात क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून आलेली बोली, तरी सासूबाईंचं आणि त्यांचं गणपतीच्या नैवेद्यावरून अर्धा तास जमलं, मला ते बघून भरून आलं. पण डाळ तांदूळ आणि बराचसा कांदा बाहेरून येतो, आपल्याकडे कांद्याची निर्यात बंद झाली की तिथल्या स्वयंपाकघराला लगेच कळतं. दूध लोक बहुतेक पावडरचंच वापरतात, सासूबाईंना रोज ताजं दही लागतं त्यामुळे दुधाचा आकडा शीटमधल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट झाला. शीटमध्ये फिरायला फक्त बस आणि मेट्रो धरली होती. मेट्रो खरंच चांगली आहे, पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंत जाते, आम्ही दोघं तिनेच फिरलो. पण ७९ वर्षांच्या बाईला स्टेशनपर्यंत चालत कोण नेणार, तिच्या प्रत्येक फेरीला टॅक्सी.

सगळ्यात मोठी भोकं मात्र तीन आहेत. पहिलं, खासगी हॉस्पिटलचा विमा, तिथे खासगी हॉस्पिटलला क्लिनिक म्हणतात. सासूबाईंच्या वयाला नवा विमा मिळणंच अवघड, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी रोख रक्कम बाजूला ठेवावी लागते, शीटमध्ये ही ओळच नव्हती. दुसरं, पुण्यातलं घर बंद केलं तरी मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स आणि मुलाचं हॉस्टेल मेस चालूच राहणार, आमचा अंदाज महिन्याला ३५ हजार. त्यावर चौघांची वर्षाची एक येजा. म्हणजे खरा आकडा पावणेदोन लाखाच्या घरात, एक लाखाच्या नाही!

तिसरं टीसीएस, म्हणजे परदेशात पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. इथून पैसे पाठवताना तेव्हा माणशी वर्षाला ७ लाखांच्या वर २० टक्के कापले जायचे, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख झाली. १८ हजार डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने १५ लाखांच्या आसपास, म्हणजे १० लाखांची मर्यादा धरली तरी लाखभर रुपये रिटर्न भरेपर्यंत अडकून राहतात. रिटर्नमध्ये ते परत मिळतात किंवा करात वळते होतात, पण मर्यादा प्रत्येक माणसाची वेगळी असल्यामुळे घरखर्चाचे थोडे पैसे माझ्या खात्यातून पाठवले तर कपात कमी होते. हे आमच्या सीएने सांगितलं, सल्लागाराने सांगायला हवं होतं.

परत आल्यावर मी वही घेऊन त्याच्या ऑफिसात गेले. त्याने वाद घातला नाही, दीड तास बसून प्रत्येक ओळ बघितली आणि आठवड्याने नवीन शीट पाठवली, त्यात घरातल्या ज्येष्ठांसाठी वेगळं पान, भारतात चालू राहणाऱ्या खर्चाचं वेगळं पान आणि टीसीएसची ओळ. जादा पैसे घेतले नाहीत. म्हणून साडेतीन, नाहीतर अडीच दिले असते.

तुम्ही दोघंच असाल तर पहिली शीटही बऱ्यापैकी चालेल. घरात सासू-सासरे किंवा शिकणारं मूल असेल तर त्याच्याकडून ही नवीन पानं मागूनच घ्या, आणि जमलं तर निदान महिनाभर तिथे राहून स्वतः लिहा. आम्ही परमिटचा अर्ज मुलाची बारावी झाल्यावर करणार आहोत, तोपर्यंत सासूबाईंच्या नावाची एफडी वाढवतोय.