हीटर परत केला, पट्टी ठेवली

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे एकाच आठवड्यात दोन खोकी आली. एकात दोन हजार वॅटचा हीटर, तो नवऱ्याने मागवलेला. दुसऱ्यात दारंखिडक्यांच्या फटींना चिकटवायची पट्टी, ती मी मागवलेली. हीटर आठ दिवसांत परत गेला. पट्टीचा आता दुसरा हिवाळा चालू आहे, म्हणून हा अभिप्राय तिच्याबद्दल. बाकीच्या दोनचार वस्तू ओघात येतीलच.

घर भाड्याचं आहे. खिडक्या जुन्या, लाकडी आणि एकेरी काचेच्या. त्या बदलून देण्याचा घरमालकांचा विचार नाही आणि आमची ऐपत नाही. घरात आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि सासूबाई. थंडीचा खरा त्रास त्यांनाच.

हीटरची बिचाऱ्याची काही चूक नव्हती. फक्त तो आल्यावर मी हिशोब मांडला. तासाला दोन युनिट, संध्याकाळचे चार तास धरले तर रोजचे आठ. दुकानात तेल भरलेला, पंखा असलेला, नळीचा असे प्रकार दाखवतात आणि अमुक प्रकार कमी वीज खातो असं सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका. तार तापवून ऊब देणारा कुठलाही हीटर एका युनिटमधून एका युनिटइतकीच उष्णता देतो. तेलाचा बंद केल्यावर थोडा वेळ कोमट राहतो आणि आवाज करत नाही, पंख्याचा लगेच झळ देतो, एवढाच फरक. चौथ्या दिवशी सासूबाई त्याच्यासमोर बसून म्हणाल्या, "अगं, गुडघे भाजतायत आणि पाठ गारठलीय." ऊब येत होती, पण खोलीत थांबत नव्हती.

म्हणून आधी फटी शोधल्या. बाहेर वारा सुटला होता त्या रात्री पंखे बंद करून उदबत्ती घेऊन घरभर फिरले. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा पळाला तर तिथे फट. माझा सगळा राग सासूबाईंच्या पलंगाशेजारच्या खिडकीवर होता, तर तिथे धूर अगदी सरळ! बोचरा वारा येत होता तो मुख्य दाराच्या खालून आणि भिंतीत केबलसाठी पाडलेल्या भोकातून. मग पलंगाजवळ गार का लागायचं? तर गार काचेला लागून तिथली हवा थंड होते, जड होते आणि खाली उतरते. वारा आल्यासारखा वाटतो, पण तो घरातलाच असतो. तिथे पट्टी काहीच करू शकत नाही. तिथे जाड पडदा हवा, तोही काचेच्या खालच्या कडेपर्यंत पोचणारा. मी जुन्या पडद्याला आतून एक जुनी चादर शिवली. दिवसा ऊन असेल तर तो पूर्ण उघडायचा, ऊन कललं की लगेच ओढायचा. केबलच्या भोकात लांबी (पुट्टी) भरली.

आता पट्टी. ही घेताना लोक जाडीचा अंदाज डोळ्यांनी करतात, मीही केला आणि फसले. पहिल्याच खिडकीला फार जाड पट्टी लावली. खटका लागेना. नवऱ्याने जोर लावून लावला, तेव्हा बिजागरी कुरकुरली आणि खिडकीचा वरचा कोपरा चौकटीपासून सुटला. म्हणजे एक फट बुजवून दुसरी तयार केली. मग मुलीने युक्ती काढली. खेळायच्या मऊ मातीची गोळी पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चौकटीवर ठेवायची, खिडकी बंद करायची, उघडायची आणि चपटी झालेली गोळी मोजपट्टीने मोजायची. आमची खिडकी बिजागरीच्या बाजूला दोन मिलिमीटर आणि खटक्याच्या वरच्या कोपऱ्यात पाच भरली. जुनं लाकूड बसलेलं असतं. एका खिडकीला एकच जाडी पुरेल हे गृहीतच चुकीचं.

मी दोन प्रकार घेतले होते. एक करड्या फोमची, अगदी स्वस्त. दुसरी रबराची, आतून पोकळ, जिच्यावर ई.पी.डी.एम. लिहिलेलं असतं. रबराच्या पट्टीचे तीन प्रकार मिळतात, आडवी कापली तर इंग्रजी ई, पी किंवा डी या अक्षरासारखी दिसणारी. ई बारीक फटींना, पी मध्यम आणि डी मोठ्या फटींना. फोम मुलीच्या खोलीत लावला. हिवाळा संपेपर्यंत तो दबून कागद झाला, आणि जिथे काचेवरचं पाणी ओघळत होतं तिथे ते पिऊन कुजकट वास यायला लागला. रबर मात्र खिडकी उघडली की अजूनही फुगून मूळ आकारात येतं. थोडे जास्त पैसे टाकायचे असतील तर इथे टाका. एका हिवाळ्यापुरतंच राहणार असाल तर फोम चालेल, त्याहून जास्त अपेक्षा करू नका.

लावताना मी केलेल्या चुका सांगते. नुसत्या फडक्याने पुसलेल्या चौकटीवर पट्टी चार दिवसांत सुटली. स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळू देऊन लावली ती टिकली. गारठलेल्या लाकडावर गोंद नीट धरत नाही, त्यामुळे हे काम थंडी पडायच्या आधी, दुपारी करायचं. चिकटवताना पट्टी ताणायची नाही. ताणली तर नंतर आखडते आणि नेमक्या कोपऱ्यांत फट पडते. आणि एकदा काढलेली पट्टी पुन्हा चिकटत नाही, म्हणून कागद एकदम सोलू नका, वीतभर सोला, दाबा, पुढे सरका. शेवटी खिडकीत कागदाची पट्टी अडकवून ओढून बघायची. सहज निसटली तर तिथे अजून ढिलं आहे.

पाकिटावर छापलं होतं की विजेचं बिल निम्मं होईल. असं काही होत नाही. सासूबाईंच्या खोलीत मी थर्मामीटर टांगला होता. आधी पहाटे १४ अंश दाखवायचा, सगळं झाल्यावर १६. त्यातला पट्टीचा वाटा किती आणि पडद्याचा किती, हे मला सांगता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीत घरात किमान १८ अंश असावेत असं म्हटलंय, म्हातारी माणसं असतील तर त्याहून थोडं जास्तच. म्हणजे आम्ही अजून खालीच होतो. पण अंगावरून जाणारा वारा थांबल्यावर तेच १६ अंश कितीतरी सुसह्य वाटतात.

उरलेल्या दोन अंशांसाठी खोली तापवायच्या ऐवजी अंथरूण तापवलं. गादीवर पसरायची विजेची चादर शंभर वॅटची आहे. झोपायच्या आधी अर्धा तास लावली तर एका युनिटचा विसावा भाग लागतो. तेवढ्याच वेळात हीटरने एक पूर्ण युनिट घेतलं असतं. सासूबाईंना मधुमेह आहे, तळपायांना चटका पटकन कळत नाही, त्यामुळे त्या आडव्या व्हायच्या आधी चादर बंद करून प्लग काढायचा हा नियम. गरम पाण्याची पिशवीसुद्धा त्यांच्या पायाशी ठेवत नाही, आधी अंथरुणात फिरवून काढून घेते. पिशवीत उकळतं पाणी नको, दोन तृतीयांशच भरायची, हवा दाबून काढायची. रबर कडक पडलं किंवा चिरा दिसल्या की मोह न धरता टाकून द्यायची.

काचेवर लावायची पारदर्शक फिल्मही आणली होती, केस वाळवायच्या यंत्राने ताणून बसवायची. बसली सुंदर. काच आणि फिल्ममध्ये कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते, हे अगदी खरं. पण उन्हाळ्यात काढताना तिच्या चिकटपट्टीबरोबर चौकटीचा रंगही सोलून आला आणि घरमालकांची बोलणी मी खाल्ली. भाडेकरूंनी लांब राहावं.

आता एका गोष्टीवर नवऱ्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं. पट्टी उरली म्हणून त्याने उत्साहाने बाथरूमची झडप बुजवली. आमच्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे! गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला कळतही नाही. त्याच रात्री मी पट्टी उपटून काढली. बाथरूम, स्वयंपाकघर आणि जिथे काहीही जळतं तिथली हवा येण्याजाण्याची वाट बुजवायची नाही. पाकिटावर पट्टी कुठे लावू नये याबद्दल एक ओळही नव्हती, याचा मला खरा राग आहे. पाचातला एक तारा त्यासाठी कापते. चार तारे.

फटी बुजल्यावर आणखी एक गोष्ट झाली. सकाळी काचांवर पाणी दिसायला लागलं आणि मुलीच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी. चार माणसांच्या श्वासातली वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे, जाणार कुठे? आता सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडते, काचा फडक्याने पुसते आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय. दहा मिनिटांत हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. दिवसभर खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा हे बरं.

या वर्षी मुलीच्या खोलीतला फोम खरवडून तिथेही रबर लावलं. गोंदाचे डाग खोबरेल तेलाने सुटले, पण तेल राहिलं तर नवी पट्टी धरत नाही, म्हणून पुन्हा स्पिरिट. मुख्य दाराखालच्या फटीला विकतचं काही घेतलं नाही. नवऱ्याच्या फाटक्या जीन्सचा एक पाय कापून, त्यात चिंध्या कोंबून, दोन्ही टोकं शिवून आडवा टाकलाय. काम चोख करतो. फक्त शेवटचा बाहेरून आलेला माणूस तो परत जागेवर सरकवत नाही, आणि सासूबाई आतून ओरडतात, "अगं, कोण आलं? पाय लावा दाराला!"