वर्गातली गांडूळपेटी: आठ महिन्यांनंतर

पेटी वर्गात आली त्या दिवशी तिसरीतली निम्मी पोरं बाकांवर चढली आणि उरलेली पेटीत डोकं घालून बसली. त्याला आता आठ महिने झाले. वास येतो का, सांभाळायला जड जाते का, असं बऱ्याच शिक्षकमंडळींनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साली-पाल्याचं गांडूळखत करायची ही तयार पेटी आहे: एकावर एक तीन ट्रे, खाली पाणी निथळायला तोटी. सोबत पाव किलो लाल गांडुळं आली, आयसेनिया फेटिडा जातीची. एक पूर्ण वाढलेलं गांडूळ अर्ध्या ग्रॅमचं धरा, म्हणजे पाचशेच्या आसपास झाली. हीच जात घ्या. ती कुजत्या पालापाचोळ्यात, वरच्या थरात राहते. मातीत खोल बिळं करणारी गांडुळं उकरून पेटीत घातली तर टिकत नाहीत. पेटीच्या एका बाजूला पारदर्शक खिडकी आहे, तिचं काही खरं नाही. गांडुळं उजेडाला कंटाळून आत पळतात, मग बघायचं काय? शेवटी तिच्यावर काळा कागद लावला. अधूनमधून तो काढला की दोन मिनिटं बोगदे आणि चार-दोन शेपट्या दिसतात. तोटी तर पहिल्याच महिन्यात तुंबली. अजूनही काडीने टोकरावी लागते.

सगळ्यात जमलेला उपक्रम मात्र फुकटातला निघाला. एक कोरा, कडक कागद घ्यायचा, त्यावर गांडूळ ठेवायचं आणि कान लावायचा. त्याच्या जवळजवळ प्रत्येक वलयावर बारीक, ताठ केस असतात, ते कागदावर घासतात आणि खरखर ऐकू येते. अगदी हलकी. पण ती ऐकायची तर वर्ग चिडीचूप हवा. गेल्या दहा वर्षांत माझ्या ‘शांत बसा’ने जे झालं नाही, ते त्या दिवशी झालं. एकाने मान वर न करता विचारलं, “बाई, याला पाय नाहीत, मग वाजतंय काय?” मी उत्तर दिलं नाही. भिंग दिलं. ओल्या बोटाने शेपटीकडून डोक्याकडे हलकेच फिरवल्यावर त्यालाच केस टोचले. (हात ओलेच हवेत. गांडूळ कातडीतून श्वास घेतं आणि कातडी वाळली की ते गुदमरतं. नंतर साबणाने हात धुणं आलंच.)

आता फजितीचं. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी झाकण उघडलं तर सगळी गांडुळं झाकणाला चिकटलेली, काही तर खाली फरशीवर वाळून मेलेली. पेटीला आंबूस वास मारत होता. चौकशी केली तेव्हा कळलं, मधल्या सुट्टीत जो तो आपल्या डब्यातलं उरलेलं गुपचूप आत टाकत होता. ‘त्यांना भूक लागते ना!’ वर रोज पाणीही. ओल वाढली, हवा खेळेना, अन्न सडायला लागलं, मग ती बाहेर पडणार नाहीत तर काय? फाटलेले कागद, पुठ्ठ्याचे तुकडे भरपूर घातले, पंधरा दिवस खाणं बंद केलं, तेव्हा गाडी रुळावर आली. आता खाऊ देण्याचा वार एकच, शुक्रवार. ओल तपासायची ती मूठ दाबून: पिळलेल्या फडक्यासारखं लागलं पाहिजे, पाणी गळता कामा नये. मीठ, तेल, लिंबाच्या साली, कांदा, सगळ्याला बंदी. चिलटं झाली होती, ती साली कागदाखाली पुरायला लागल्यावर कमी झाली.

पांढऱ्या टॉर्चखाली गांडूळ अंग चोरतं, तोच उजेड लाल जिलेटिन कागदातून सोडला की फारसं बिथरत नाही. हा प्रयोग कधी फसला नाही. आवाजाचा मी डार्विनकडून घेतला. 1881 साली आलेल्या गांडुळांवरच्या पुस्तकात त्याने पियानो वाजवल्याचं लिहिलंय. गांडुळांना सूर ऐकू आले नाहीत, पण कुंडी पियानोवर ठेवून सूर छेडला तेव्हा ती बिळात शिरली. आम्ही ताट बडवलं, काही नाही. मग टेबलावरच बुक्की मारली, झटक्यात आत.

‘मधोमध कापलं की दोन होतात’ हे घरून शिकून आलेले सातजण निघाले. मागचा तुकडा जगत नाही, हे निव्वळ सांगून त्यांना पटलं नाही. कापून दाखवणार नव्हतेच. त्यापेक्षा गांडुळांचे कोष, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, कामी आले. ते लिंबाच्या आकाराचे, पिवळट, मोहरीपेक्षा थोडे मोठे. तीन कोष ओल्या कागदावर झाकून ठेवले. साधारण तीन आठवड्यांनी एकातून दोन पांढरे दोरे वळवळत बाहेर आले आणि ‘दोन कशी होतात’ हे ज्याने त्याने डोळ्यांनी पाहिलं.

खत आठ महिन्यांत जेमतेम दोन कुंड्यांपुरतं निघालं. खतासाठी घेत असाल तर या आकाराच्या पेटीकडून फार अपेक्षा नको.

परवा सुट्टी लागण्याआधी ओला पुठ्ठा घालून झाकण लावलं. पोरांनी त्यावर चिठ्ठी चिकटवलीय: ‘शिपाईकाका, यांना काही खायला देऊ नका. त्यांचं पोट भरलेलं आहे.’