रात्री अडीचला जागं होणारं मशीन: हॅकिन्टॉशचे आठ महिने

परवा आईने विचारलं, "अरे, ते यंत्र बिघडलं का? रात्री उजेड पडत नाही हल्ली." तेव्हा मोजलं. सलग अकरा रात्री मशीन झोपवल्यावर झोपलंय आणि सकाळी मी कीबोर्डला हात लावल्यावरच उठलंय. हे यंत्र म्हणजे माझा हॅकिन्टॉश, अ‍ॅपलचं मॅकओएस चालवणारा साधा जोडलेला पीसी. एवढ्या झोपेसाठी साडेतीन महिने गेले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जोडणी अशी: इंटेलचा आय५-१०४०० प्रोसेसर, झेड४९०चा सेकंडहँड मदरबोर्ड, घरात होती ती ३२ जीबी रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉटचा एसएमपीएस. मॅकओएस सुरू करून देणारं ओपनकोर, ते मॅकओएसला 'हा आयमॅक २०,१ आहे' अशी ओळख सांगतं, वर मॅकओएसची सिक्वोया आवृत्ती. काम लॉजिक प्रो या अ‍ॅपलच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर. मी मिरजेचा. इथे सतार-तानपुरे बनतात तशी गाणारी माणसंही भरपूर, त्यामुळे भजनी मंडळं आणि क्लासची मुलं रेकॉर्डिंगला येत असतात. रेकॉर्डिंगची खोली रात्री आईची झोपायची खोली असते. पुढचा सगळा त्रागा त्यामुळेच.

प्रोसेसर दहाव्या पिढीचाच घेतला त्याला कारण आहे. इंटेलवरचा शेवटचा आयमॅक २०२० साली आला, त्यात हीच पिढी होती. त्यामुळे हा प्रोसेसर आणि त्यातलं यूएचडी ६३० ग्राफिक्स मॅकओएसला ओळखीचं आहे. अकराव्या-बाराव्या पिढीतलं आतलं ग्राफिक्स चालतच नाही. आणि 'एफ'वाला, म्हणजे आतलं ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर, घेऊ नका. दुकानदार म्हणतो, "कार्ड लावणारच आहात ना, मग हजार रुपये वाचवा की." पण आयमॅकची ओळख द्यायची तर व्हिडिओ एन्कोडिंगसाठी ते आतलं ग्राफिक्स लागतं. 'एफ' घेतला की मॅक प्रोची ओळख द्यावी लागते आणि सेटिंगची गणितं बदलतात. हजार रुपयांसाठी तो व्याप कशाला?

ग्राफिक्स कार्डासाठी मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं आणि वापरलेली आरएक्स ५८० कार्डं बाजारात ढिगाने आली. त्यातली बरीच '२०४८ एसपी' असतात, म्हणजे नाव ५८० आणि आतली चिप ५७०च्या ताकदीची. मॅकओएसमध्ये ती नीट चालवायला कार्डाचं बायोस बदलावं लागतं. मला एका दुकानात तेच कार्ड साधं ५८० म्हणून दाखवलं. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं म्हणून पैसे वाचले. शेवटी नवीन ६६०० घेतलं. बूट-आर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे सुरू होताना मॅकओएसला द्यायच्या सूचनांत, 'एजीडीपीमॉड=पिकेरा' घातलं नाही तर स्क्रीन काळी राहते, बाकी या कार्डाने आठ महिन्यांत एकदाही त्रास दिला नाही. ६७०० एक्सटी मोठं दिसतं म्हणून त्याच्या नादी लागू नका, त्याला अ‍ॅपलचा ड्रायव्हर नाही. एनव्हिडियाच्या नव्या कार्डांचा विषय मॅकओएसच्या २०१८च्या मोहावे आवृत्तीपासूनच संपलाय. एसएसडी घेताना लॅपटॉपमधून काढलेला सॅमसंग पीएम ९८१ स्वस्तात मिळतो, तो टाळा. त्यावर मॅकओएस कोसळतं.

आता झोपेचं.

पहिल्या आठवड्यापासून स्लीपला टाकलं की दहा-बारा सेकंदांत मशीन परत जागं व्हायचं. कधी झोपायचंही, पण रात्री अडीच-तीनला पंखे सुरू, मॉनिटर लख्ख. आई उठून बसायची. बंद करून का ठेवत नाही, असं घरात सगळ्यांनी विचारलं. चाळीस ट्रॅकचं प्रोजेक्ट सगळे सॅम्पल, म्हणजे वाद्यांचे साठवलेले आवाज, भरून उघडायला सात मिनिटं जातात, आणि पहिला विद्यार्थी सकाळी सहाला दारात असतो. आणि खरं सांगू? पैसे मोजलेत तर मशीनने झोपलं पाहिजे.

मी बोर्डावर संशय घेतला. वॉरंटीचे पाच महिने शिल्लक होते, म्हणून सर्व्हिस सेंटरला पाठवला. एकवीस दिवसांनी 'नो फॉल्ट फाउंड'ची चिठ्ठी चिकटवून परत आला, कुरिअरचे ६४० रुपये माझे. फोनवर मी चढ्या आवाजात बोललो. इथे मला मत बदलावं लागतंय: ती चिठ्ठी बरोबर होती. बोर्ड चांगला होता. फोनवरच्या त्या मुलीची काही चूक नव्हती. एकवीस दिवस मात्र जास्तच होते, हे मी अजूनही म्हणेन.

मग टर्मिनलमध्ये 'पीएमसेट'चा लॉग, म्हणजे मशीन कधी आणि का जागं झालं त्याची नोंद, काढला. दर वेळी जागं होण्याचं कारण एकच: एक्सएचसी, म्हणजे यूएसबी कंट्रोलर. मॅकओएस एका कंट्रोलरवर पंधराच पोर्ट धरतं, एल कॅपिटन या जुन्या आवृत्तीपासूनची ही मर्यादा आहे. पंधरा ऐकायला पुष्कळ वाटतात. पण निळं यूएसबी ३चं एक भोक दोन पोर्ट म्हणून मोजलं जातं, एक जुन्या वेगाचं आणि एक नव्या. शिवाय बोर्डावरच्या आतल्या पिना, लायटिंगचा कंट्रोलर, सगळं त्यातच.

म्हणजे कुठले पंधरा ठेवायचे हे आपणच ठरवून त्यांचा नकाशा मॅकओएसला द्यायचा. एका रविवारी विंडोजमध्ये यूएसबी टूलबॉक्स हे पोर्ट ओळखणारं सॉफ्टवेअर चालवून मशीन जमिनीवर आडवं घातलं. पुतण्याच्या हातात टॉर्च, माझ्याकडे दोन पेनड्राइव्ह, एक जुना काळा आणि एक निळ्या जिभेचा. प्रत्येक भोकात आधी काळा, मग निळा. स्क्रीनवर जे नाव उजळेल ते टेपच्या तुकड्यावर लिहून त्या भोकाशेजारी चिकटवायचं. तिसऱ्या भोकाला पुतण्या म्हणाला, "काका, भोक एकच आहे, पण नावं दोन येतायत." तोवर वाचलेलं मला तिथे समजलं. एकूण एकवीस भरले. त्यातले ठेवले ते असे: मागची चार निळी म्हणजे आठ, टाइप-सीची दोन, मागची साधी दोन, ब्लूटूथचं एक, पुढचं एक निळं म्हणजे दोन. झाले पंधरा. पुढचं दुसरं निळं, आतल्या तीन पिना आणि लायटिंग सोडून दिलं.

आणि खरा चोर ब्लूटूथच होता. वायफाय-ब्लूटूथचं ब्रॉडकॉम कार्ड ३,००० रुपयांना घेतलं होतं. त्याची एक वायर बोर्डावरच्या यूएसबी पिनांना जाते. ते पोर्ट 'आतलं', म्हणजे टाइप २५५, असं नोंदवावं लागतं. नाहीतर मॅकओएसला वाटतं बाहेरून कुणी काही जोडलंय, आणि ते जागं होतं. तो एक आकडा बदलला आणि त्या रात्री मशीन झोपलं. त्याच कार्डाच्या वायफायचा आधार अ‍ॅपलने मॅकओएसच्या २०२३च्या सोनोमा आवृत्तीपासून काढून टाकलाय. पॅच मारून चालतं, पण त्यासाठी सिस्टीमची सुरक्षा सैल करावी लागते. कामाच्या मशीनवर मी ते करणार नाही. भिंतीला भोक पाडून लॅनची वायर आणली.

नकाशा नव्हता तेव्हा बाहेरचा एसएसडी सेकंदाला चाळीस एमबीनेच चालायचा आणि मी केबलला दोष देत होतो. पहिले पंधरा पोर्ट धरताना जुन्या वेगाचेच आधी भरत होते, नव्या वेगाचे बाहेर राहत होते. तोही प्रश्न त्याच रविवारी सुटला.

पैशाचं सांगतो. रॅम, कॅबिनेट, मॉनिटर घरचेच होते, ते सोडून माझे ४६,५०० गेले. अ‍ॅपलचा एम४ चिपचा मॅक मिनी बाजारात आला तेव्हा ५९,९०० होता, २५६ जीबीचा, आणि ५१२ हवं तर आणखी २०,०००. म्हणून पहिल्या महिन्यात मी तिघांना 'असंच मशीन बनवा' म्हणून सांगितलं. आज नाही सांगणार. जून २०२५मध्ये अ‍ॅपलने जाहीर केलं की इंटेल प्रोसेसरसाठी सिक्वोयानंतरची तहो हीच मॅकओएसची शेवटची आवृत्ती. घरात दहाव्या पिढीचे पार्ट पडून असतील आणि एक रविवार जमिनीवर बसायची तयारी असेल, तर बनवा. सगळंच विकत घ्यायचं असेल तर मिनी घ्या आणि सॅम्पल बाहेरच्या एसएसडीवर ठेवा. दोन मंडळांनी 'आम्हाला एक करून द्या, पैसे देतो' म्हटलं, त्यांना नकार दिला. परवान्यात मॅकओएस अ‍ॅपलच्याच मशीनवर वापरा असं लिहिलंय, आणि अशी मशीनं विकणारी सायस्टार कंपनी २००९मध्ये कोर्टात हरली होती.

मी सिक्वोयावरच राहणार आहे. पुढच्या बंद पोर्टवर पांढरी टेप लावलीय. मंडळातले बुवा दर गुरुवारी पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि टेप बाजूला सारून त्यातच घालतात. मी तो काढतो आणि मागच्या निळ्यात लावतो.