उंची ४ फूट १० इंच आणि नागपुरात साधी सायकल घ्यायची होती

माझी उंची ४ फूट १० इंच, वय चाळीसच्या पुढं, आणि मला पाहिजे होती एकदम साधी सायकल. गिअर नको, सस्पेन्शन नको, प्रतापनगरहून धरमपेठला रोज जायला यायला, समोर बास्केट आणि मागं कॅरिअर असलं की झालं. एवढ्यासाठी तीन शनिवार गेले आणि चार दुकानं पालथी घातली, म्हणून सगळं सविस्तर लिहून राहिली आहे, माझ्या उंचीच्या कोणाचे तरी चकरा वाचतील.

पहिलं दुकान बर्डीवरचं, भरपूर मोठं. दुकानदारानं थेट २६ इंची काढली, आडवी दांडी, १८ इंची फ्रेम. म्हटलं दादा पाय टेकत नाही, तर म्हणे ताई सीट पूर्ण खाली करून देतो, चार दिवसांत सवय होऊन जाईल. हेच पुढच्या दोन दुकानांतही ऐकलं आणि मला खरंच राग आला, कारण सीट खाली केल्यानं सायकल लहान होत नाही ना! दांडी तिथंच राहते, हँडल तितकंच लांब राहतं, क्रँक, म्हणजे पायडल ज्याला लागते तो दांडा, तेवढाच मोठा, मग गुडघा वर वर येतो आणि पाय कधी सरळ होतच नाही. असं रोज चालवलं तर गुडघे दुखणारच.

तिसऱ्या दुकानात लेडीज सायकल पण होती, पण २६ चं चाक आणि हँडल इतकं पुढं की ब्रेकपर्यंत बोटं पुरेनात. चालवून बघू का विचारलं तर म्हणे नवीन माल आहे, टायर खराब होते. मी तिथूनच परत फिरली.

मग घरी शांतपणे माप घेतलं, जे आधीच घ्यायला पाहिजे होतं. चप्पल काढून भिंतीला पाठ लावायची, दोन पायांच्या मधात एक जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं आलं ६६ सेमी. बर्डीवरच्या त्या सायकलची दांडी मी टेपनं मोजली होती, ७४ सेमी. उभं राहिल्यावर दांडी आणि आपल्यामधात निदान दोन-तीन सेमी जागा सुटायला पाहिजे, इथं तर दांडीच आठ सेमी वर! आणि दुकानात २४, २६ म्हणतात ते चाकाचं माप असते, फ्रेमचं वेगळं विचारावं लागते, म्हणजे दोन्ही क्रँक ज्याच्यावर फिरतात त्या मधल्या एक्सलपासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत किती इंच ते.

चौथं दुकान इतवारीतलं, छोटं आणि जुनं, काका स्वतःच फिटिंग करत बसलेले. माप सांगितलं तर लगेच म्हणाले, बेटा तुला २४ ची लेडीज घे, मुलींची म्हणून लाजू नको, लोखंड तेच आहे. वाकलेल्या दांडीची, कुर्ता घालूनही आरामात पाय टाकता येते. गल्लीत दोन चकरा मारू दिल्या. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होईल इतकी सीट वर केली. ब्रेकच्या लिव्हरजवळ एक बारीक स्क्रू असते, तो फिरवून लिव्हर आत आणली, आता दोन बोटांनी ब्रेक लागतो. क्रँकच्या मागं १५२ लिहिलेलं होतं, म्हणजे लांबी मिलीमीटरमध्ये, मोठ्या सायकलींवर १७० असते, तो फरक गुडघ्याला पहिल्याच चकरेत कळला. सगळं फिट करून ६,४०० रुपये दिले.

चार महिने झाले. सीटवर बसून फक्त पायाचे चवडे टेकतात, पण सिग्नलला सीटवरून पुढं उतरून उभं राहायला जागा आहे, त्यामुळे शंकरनगर चौकात आता छातीत धडधड होत नाही. २६ च्या मानानं पायडल जरा जास्त मारावे लागतात, सपाट रस्त्यावर काही वाटत नाही, सेमिनरी हिल्सच्या चढावर मात्र मी उतरून ढकलते. प्लास्टिकचे पायडल दुसऱ्याच महिन्यात तडकले, ते लोखंडी टाकून घेतले. कॅरिअर कमजोर आहे, भाजीची पिशवी ठीक, मोठं माणूस मागं बसवू नका.

आणि टायर बदलताना बाजूवरचं माप वाचूनच घ्या. माझा २४ बाय १.७५ आहे, त्यावर ५०७ लिहिलेलं असते, म्हणजे टायर रिमवर बसते तिथला व्यास मिलीमीटरमध्ये. घराजवळच्या पंक्चरवाल्यानं २४ बाय १ ३/८ आणून ठेवला होता, दोन्ही २४ च म्हणतात पण ते टायर या रिमवर बसतच नाही, शेवटी इतवारीतल्या काकांकडूनच आणला.